वहिफणी घेऊन निपाणीला

शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प लिहावा लागतो. माझ्या वाट्याला ‘सुताची निर्यात आणि देशी कापड बाजार’ हा विषय आला. तो मी निवडलेला नाही. वर्गात हजेरीच्या क्रमाने विषय वाटले आणि माझ्या नंबराला हा निघाला. आमचं गाव बेळगुंदी. शिवारात भात आणि रताळी. कापूस मी झाडावर कधी पाहिला नव्हता. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मीच पहिली, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? सरांनी ‘प्रत्यक्ष भेट’ असा रकाना दाखवला आणि म्हणाले, कुठे तरी जाऊन ये, जे दिसेल ते लिही. मी जाऊन आले. जे दिसलं ते प्रकल्पात नीट बसलं नाही, म्हणून इथे वेगळं लिहिते आहे.

वडगाव

कॉलेजसाठी मी बेळगावात वडगावला मामाकडे राहते. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये पूर्वी दोन यंत्रमाग होते. एक गेल्या वर्षी भंगारात गेला. उरलेल्या एकावर मामा साड्या विणायचा. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी मामाची. अशा विणकराला आमच्याकडे खर्चीवाला म्हणतात.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. साडीचे उभे धागे हजारोंनी असतात. ते बीम नावाच्या मोठ्या रुळावर गुंडाळून येतात. त्यातला प्रत्येक धागा आधी वहीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओवावा लागतो. वही धागे वरखाली करते, फणी आडवा धागा ठोकते. हे ओवणं इतकं किचकट की पुन्हा पुन्हा कुणी करत नाही. म्हणून बीम संपत आलं की शेवटचा हातभर ताणा, म्हणजे उभे धागे, विणायचाच नाही. तो तसाच सोडायचा. नवं बीम आलं की त्याचा एकेक धागा जुन्या धाग्याच्या टोकाला गाठ मारून जोडायचा आणि पुढे ओढून घ्यायचा. ती जुनी टोकं तुटली किंवा गुंतली तर सगळं मुळापासून ओवावं लागतं, आणि एका जुन्या मागासाठी तेवढी मजुरी आता कुणी देत नाही.

मामाच्या मागावर ती टोकं श्रावणापासून लोंबत होती. सूत महागलं आणि साडीला उठाव नाही, असं सांगून वडगावच्या व्यापाऱ्यानं बीम देणं थांबवलं होतं. गल्लीत गाठी मारणारे दोघे होते. एक हॉटेलात गेला, एक गवंड्याच्या हाताखाली. शेवटी मामानं निपाणीच्या पुढच्या एका गावातल्या जुन्या व्यापाऱ्याला फोन लावला. त्या शेटची बीमं मामानं पूर्वी विणली होती. शेट म्हणाले, “वहिफणी घेऊन ये, बघू.” त्यांच्या गावात गाठी मारणाऱ्या बायका अजून आहेत. तिथंच बीम जोडायचं आणि टेम्पोनं परत आणायचं, असं मामानं ठरवून टाकलं.

मामी भाकरी बांधता बांधता म्हणाली, “त्यो ‘बघू’ म्हणालाय. ‘देतो’ न्हाय म्हणालेला.”

“शेट असंच बोलतोय गं. मानूस ओळखीचं हाय.”

“ओळख सगळ्यांचीच हाय. बीम कुणाकडंच न्हाय.”

मामानं वही आणि फणी मागावरून उतरवली. दोन कामट्यांमध्ये ती धरली, धाग्यांची टोकं मुठीमुठीनं बांधली, आणि मामीच्या जुन्या साडीत सगळं गुंडाळलं. बोचकं माणसाएवढं लांब झालं. एकट्याला ते घेऊन बसमध्ये चढता येत नव्हतं. दुसरं टोक धरायला मी गेले.

तवंदी घाटापर्यंत

बेळगावच्या स्टँडवर कंडक्टरनं आम्हाला दारातच अडवलं. “इदेनरी?” हे काय आहे, असं विचारत त्यानं बोचक्याला बोट लावलं. “मग्गद सामान री, मागाचं सामान,” मामा दोन्ही भाषांत म्हणाला. कंडक्टर हसला आणि मराठीत आला. “बायकांना सरकारी बस आधार कार्डावर फुकट, पोरगीला तिकीट नको. तुमचं तिकीट. आणि ह्या आडव्या पाहुण्याचं काय करायचं?”

मागच्या बाकावरून एक आजोबा ओरडले, “म्हातारीला गावाला न्यायला लागलाय काय रं? तोंड तरी उघडं ठेव तिचं!”

सगळी बस हसली. मामाही हसला, पण हात बोचक्यावरून काढला नाही. शेवटी ते मधल्या वाटेत आडवं ठेवलं. हत्तरगीपर्यंत जो चढेल तो त्याच्यावर पाय देऊ पाहायचा आणि मामा अर्धा उठून म्हणायचा, “आण्णा, जरा जपून. आक्का, पाय जरा तिकडं.” बाहेर बघायला त्याला वेळच मिळाला नाही.

संकेश्वरच्या अलीकडे एक ट्रक आम्हाला मागे टाकून गेला. कापसाच्या दाबलेल्या गाठी, वर ताडपत्री, कोपऱ्यातून पांढरं डोकावणारं. “बघ,” मामा म्हणाला, “तुझा प्रकल्प चाललाय.” मी खिडकीतून ट्रक दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. तो कुठे चालला होता कोण जाणे. कोल्हापुराकडे वळला असेल, किंवा मुंबईच्या बंदराला. पुस्तकात निर्यातीचा बाण फार सरळ काढलेला असतो.

घाट चढताना गार वारा आला. ऊसतोड नुकती सुरू झाली होती. निपाणी जवळ आली तसा तंबाखूचा उग्र वास बसमध्ये शिरला आणि मला शिंका सुरू झाल्या. शेजारच्या बाईनं पदराच्या गाठीतली लवंग दिली. “पयल्यांदा आलीयास वाटतं,” ती म्हणाली. “आमाला आता वासच येत न्हाय.”

गाव, ज्याचं नाव लिहीत नाही

शेट म्हणाले, माझं नाव लिहू नको, म्हणून गावाचंही लिहीत नाही. निपाणीहून बोरगावकडे जाणाऱ्या बसनं तिथे जातात. दोन्ही बाजूंना ऊस, आणि गाव यायच्या आधी आवाज येतो. वडगावला आमच्या गल्लीतही पूर्वी असाच खडखडाट असायचा. पाहुणे आले की घरात ओरडून बोलावं लागायचं. आता मामा कधी कधी घरात उगीच मोठ्यानं बोलतो, इतकंच राहिलं आहे.

आमच्याकडे अमावास्येला माग बंद ठेवून पूजा करतात. इथे बाजाराच्या दिवशी बंद, कारण मजुरांना बाजार करायचा असतो. मला हे जास्त शहाणपणाचं वाटलं. पण मामा म्हणाला, “देवाची सुट्टी आणि बाजाराची सुट्टी एक न्हवं.”

शेटच्या शेडसमोर चिंचेखाली तीन बायका बीम जोडत बसल्या होत्या. बोटं राखेत बुडवायच्या, दोन धागे चिमटीत धरून पिळायच्या, आणि गाठ कधी बसली ते दिसायचंही नाही. मामानं बोचकं त्यांच्याजवळ उतरवलं. त्यातल्या वयस्क आक्कानं साडीची कड उचलून आत पाहिलं.

“आण्णा, लई नीट ओवलंय हे. कुनी ओवलं?”

“बायकोनं,” मामा म्हणाला. “ती आतनं धागा द्यायची, मी आकड्यानं ओढायचो. नवीन लगीन झालतं. भांडत भांडत ओवलंय ते.”

“म्हणूनच घट्ट हाय,” आक्का म्हणाली, आणि तिघी हसल्या. मामाचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. तो त्यांना टोकं कुठून सुरू करायची ते दाखवू लागला. शेट तोवर बाहेर आले होते. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, कानाला फोन. फोन ठेवून ते बोचक्याकडे बघत राहिले.

“पुंडलिक, ही साडीचीच हाय न्हवं?”

“व्हय शेट. तुमचंच काम करत हुतो की ह्याच्यावर.”

“आरं, साडी मी बंद केली. तुझा फोन आला तवा वाटलेलं, गोदामात एकादं जुनं बीम निघंल. शोधलं. न्हाय निघालं. आता सगळा मोठा पन्हा हाय माझ्याकडं.” पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. त्यांनी शेडच्या दाराकडे हात केला. आत रुंद, नवे माग होते. त्यातले थोडेच चालू होते. मामाचा माग त्या रुंदीचा नव्हता आणि होऊही शकत नव्हता.

“फोनवर सांगायचं तरी, शेट.”

“तोंडावर न्हाय म्हणवंना रं मला,” शेट म्हणाले. खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. त्यांचं तोंड खरंच पडलं होतं.

चहा आला. मी प्रकल्पाची वही काढली आणि घाबरत माझा एकमेव प्रश्न विचारला. सूत बाहेरदेशी गेलं तर आपल्याला चांगलं की वाईट?

“आपल्याला म्हंजे कुणाला गं पोरी?” शेट म्हणाले. “कापूस पिकवणाऱ्याला बरं. सूतगिरणीला बरं. सूत बाहेर निघालं की हितं महागतंय, मग तुझ्या मामाला बीम कोण देणार? बाहेरचं गिऱ्हाईक थांबलं की सूत उतरतंय. तवा मी बुडतो, कारण माझं कापडबी शेवटी बाहेरच जातंय. तिकडं कुनाला तरी खिडकीला नवा पडदा लावावा वाटला, तर माझं माग चालत्यात. ह्या महिन्यात वाटंना झालंय. म्हणून ती रांग बंद हाय बघ.”

“आणि आपल्या इथली माणसं? ती तर कापड घेतातच ना?”

“घेत्यात की. सुरतचं घेत्यात. धुतलं की वाळलं, इस्तरी नको. तूच सांग, हा तुझा ड्रेस सुती हाय का?”

मी ओढणी चाचपली. नव्हता. मामाच्या घरात राहून, त्याच्या मागाच्या आवाजात अभ्यास करून, मी अंगावर सुती घालत नव्हते. मी वही मिटली.

शेट उठता उठता मामाला म्हणाले, “बीम न्हाय माझ्याकडं, पर मानूस पायजे. दुसऱ्या पाळीला कोण टिकंना. ऱ्हायला खोली देतो. आजपासनं ये म्हणलं तरी चालंल. जुना माग कशाला ठेवतोस? भंगारवाला ओळखीचा हाय, लावून देतो.”

मामा म्हणाला, “बघू.”

आम्ही चिंचेखाली भाकरी सोडली. आक्कानं न मागता दोन पेले आंबील दिली आणि आमच्या शेंगाचटणीतली चिमूटभर घेतली. तिची चटणी लसणाची, आमची गुळाची. ती म्हणाली, “बेळगावकडचं सगळं गोडच.” मग तिनं स्वतः बोचकं परत गुंडाळलं. एका बाजूची टोकं मामानं सोडली होती, ती तिनं पुन्हा मूठ करून बांधली. बांधताना तिनं मामाकडे पाहिलं नाही.

निपाणी

बस बदलायला निपाणीत उतरलो तर मामा पेठेकडे वळला. पिशवीत शेवटच्या बीमाच्या दोन साड्या होत्या. पूर्वी हे दुकान आपल्या साड्या घ्यायचं, तिथं दाखवू म्हणाला. बोचकं आम्ही दुकानाच्या पायरीवर ठेवलं. दुकानदारानं आम्हाला बसवलं, साड्या उलगडल्या, पोत बघितला, आणि नीट घडी घालून परत केल्या.

“माल चांगला आहे. गिऱ्हाईक नाही.” त्यानं फळीवरून एक साडी काढून पुढे टाकली. “हे बघा, हे जातं.”

अगदी मामाच्या साडीसारखा काठ होता. तोच लाल, तीच बारीक नक्षी. पण तो विणलेला नव्हता, छापलेला होता. कापड गुळगुळीत, हातातून निसटणारं. मामानं चष्मा लावला, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “नक्षी बरोबर घेतलीया. चुकलेली न्हाय कुठं.”

इतक्यात एक बाई मुलीला घेऊन आल्या. दुकानदार फोनवर होता. गादीवर मांडी घालून, साडी हातात घेऊन बसलेल्या मामाला त्या दुकानातलाच समजल्या. “ही केवढ्याची हो? रंग पक्का हाय का?”

मामानं मान वर केली. आमच्या साडीचा रंग पहिल्या धुण्याला थोडा जातो. मामी प्रत्येकीला बजावून सांगायची, पहिल्यांदा मिठाच्या पाण्यातनं काढा.

“पक्का हाय, ताई,” मामा म्हणाला. “ह्याचा जायाचाच न्हाय. घ्या.”

त्यांनी घेतली.

बोचकं उचलून मामा आणि मी स्टँडवर आलो. बेळगावची गाडी लागली होती. पलीकडे बोरगावची उभी होती. त्यानं माझ्याबरोबर बोचकं बेळगावच्या गाडीत चढवलं, पुढच्या बाकाशेजारी उभं करून दांडीला दोरीनं बांधलं, आणि खाली उतरला. मला वाटलं पाणी आणायला गेला. तो खिडकीखाली येऊन उभा राहिला.

“मनी, तू जा. मी जातो शेटकडं.”

“आज? मामा, कपडेसुद्धा नाहीत तुझे.”

“कापडं काय, मिळत्यात. पाळीला मानूस न्हाय त्याच्याकडं. उद्या दुसरा कोनबी जाईल.” मग खिडकीच्या गजाला धरून म्हणाला, “मामीला म्हण, थोडं दिस बघून येतो. आणि त्येची टोकं गुंतू देऊ नको. गुढीपाडव्यापर्यंत सूत उतरतंय असं म्हणत्यात. मागावर तसंच टांगून ठेवा म्हणावं.”

गाडी सुटली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तो बोरगावच्या गाडीत नव्हता. मोबाइलकडे बघत दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभा होता.

परत वडगावला

परतीची वाट मला आठवत नाही. मी सगळा वेळ दोन्ही हातांनी बोचकं धरून बसले होते. घाटाच्या वळणावर ते माझ्या अंगावर कलायचं आणि मी ते परत सरळ करायची. एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, आत सतार आहे का? मी हो म्हटलं. समजावून सांगायची ताकद नव्हती. बेळगावात रिक्षावाल्यानं ते छपरावर बांधू म्हटल्यावर मी इतक्या जोरानं नको म्हणाले की तो दचकला.

मामी दारातच होती. माझ्यामागे कुणी नाही हे तिनं पाहिलं. मी सगळं एका दमात सांगितलं. शेट, पन्हा, नोकरी, पाडवा. तिनं बोचक्याचं एक टोक उचललं, दुसरं मी उचललं, आणि आम्ही ते शेडमध्ये नेलं. रिकाम्या मागाशेजारी जमिनीवर ठेवून तिनं साडी सोडली. टोकांच्या मुठी एकेक करून सोडल्या, बोटांनी विंचरल्या.

“एकबी तुटलेला न्हाय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. मला बरं वाटलं.

मग ती आत गेली आणि शिवणाची कात्री घेऊन आली.

“मामी, मामा म्हणालाय टांगून ठेवा—”

“ऐकलं मी.” ती फणीशेजारी बसली. “हे टांगून ऱ्हायलं की त्यो दर सुट्टीला येनार. हितं बसनार, हात लावून बघनार, आणि परत जाताना त्येला दोनदा जावं लागनार, एकदा घरातनं, एकदा ह्या मागापासनं. तिथं मन लागू दे त्येचं. मन लागलं न्हाय तर खडखडाटात मागात हात जात्यात मानसाचं.”

“त्याला विचारून तरी—”

“त्येला विचारलं तर त्यो न्हाय म्हणनार. मग मलाबी न्हायच म्हणावं वाटनार.”

तिनं पहिली मूठ कापली. कात्री बोथट होती, धागे दाबले जात होते, एका वेळी तुटत नव्हते. मी दुसरी बाजू ताणून धरली. ते करायला नको होतं की काय, मला अजून समजत नाही. पण तशी धरली नसती तर तिला जास्त वेळ लागला असता. ती प्रत्येक मूठ कापून वहीच्या डोळ्यातून उरलेले तुकडे ओढून काढत होती आणि ते मांडीवर जमत होते. मध्येच एकदा म्हणाली, “ह्या जाग्याला भांडलो हुतो आमी. दोन धागं एकाच डोळ्यात गेलतं.” मग पुन्हा कापायला लागली.

निम्म्याहून जास्त झालं होतं तेव्हा माझा फोन वाजला. मामा होता. मागे मागांचा खडखडाट इतका होता की तो ओरडून बोलत होता, पूर्वी घरात बोलायचा तसा.

“पोचलीस काय गं? धागं नीट आलं का?”

मामीची कात्री थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“आलं मामा. नीट आलं.”

“गुंतलं न्हाय न्हवं?”

“एकबी नाही.”

“बरं झालं. पाडव्यापर्यंत हलवू नका म्हण,” तो म्हणाला, आणि मग काहीतरी बोलला ते ऐकू आलं नाही.

मामीनं मांडीवरचे धागे खाली झटकले, हात पुढे करून माझ्याकडून फोन घेतला, आणि तिकडच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, “जेवलासा काय?”